किती वर्षांसाठी?

शारजाहून खोर फक्कानला परतताना डोंगरातला शेवटचा बोगदा संपला आणि नबिलाच्या डोळ्यांसमोर उजवीकडे एक चमकणारी, वाकडीतिकडी रेघ उमटली. आधी वाटलं, काचेवर ऊन पडलं असेल. पण मान वळवली तरी रेघ जाईना. उलट पसरत गेली आणि पुढच्या ट्रकचा अर्धा भाग दिसेनासा झाला. तिने घाईने गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर वर्षाचा रय्यान झोपला होता. पाच वर्षांच्या सिद्राने विचारलं, "ममा, व्हाय आर वी स्टॉपिंग?"

"काही नाही गं. पाणी पिऊ या."

वीसेक मिनिटांत रेघ विरली आणि डोकं ठणकायला लागलं. गेल्या चार महिन्यांत हे तिसऱ्यांदा होत होतं, पण गाडी चालवताना पहिल्यांदाच. तिने नवऱ्याला फोन केला. उझैर बंदरात नोकरीला होता. कुठला कंटेनर जहाजावर कुठे चढवायचा याचं प्लॅनिंग करायचा. तो मित्राच्या गाडीतून आला, त्याने नबिलाच्या हातून किल्ली घेतली आणि गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. हे मायग्रेनच, म्हणाले. रोजची काही औषधं?

"नाही," नबिला म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे त्या गोळ्या आहेत. दिवस राहू नयेत म्हणून."

त्या गोळ्या औषधात मोजायच्या हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिची मोठी बहीण झुबेदा रत्नागिरीहून कुणी येणारं असलं की सहा महिन्यांची पाकिटं पाठवायची. मला चालतात, तुलाही चालतील, म्हणायची.

"आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "डोकं दुखण्याआधी अशी रेघ दिसते त्यांनी या प्रकारच्या गोळ्या घेऊ नयेत. पक्षाघाताची शक्यता वाढते. तसं क्वचितच होतं, पण दुसरे मार्ग आहेत ना." त्यांनी तिला डॉक्टर एमान यांच्याकडे पाठवलं.

एमानबाई सुदानच्या. रय्यानचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. इंग्रजीत बोलायच्या, मध्येच हिंदीचा एखादा शब्द टाकायच्या. त्यांनी जुनी फाइल चाळली आणि चष्मा काढून सहज विचारलं, "किती वर्षांसाठी?"

"दोन," उझैर म्हणाला.

नबिला काहीच बोलली नाही. एमानबाईंनी वाट पाहिली. मग फाइल मिटून म्हणाल्या, "दोन वर्षांसाठी एक सांगेन, दहासाठी दुसरं. तुम्ही दोघं आधी बोला. गुरुवारी या. तोवर कंडोम वापरा."

घरी जायच्या ऐवजी उझैरने गाडी समुद्राकडे वळवली. मुलं शेजारणीकडे होती. दोघं किनाऱ्यावरच्या बाकावर बसली.

"गप्प का राहिलीस? दोन वर्षांचं आपलं ठरलंय ना?"

"तुमचं ठरलंय," नबिला म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना सांगता, दोन वर्षांनी इन्शाल्ला तिसरं. मी हसते, एवढंच."

उझैर तिच्याकडे वळला.

"रय्यानच्या वेळी तुम्ही बाहेर त्याला घेऊन उभे होता. आत काय चाललं होतं ते कुणी सांगितलं तुम्हाला?"

"रक्त जास्त गेलं म्हणाले. मग सगळं ठीक झालं म्हणाले."

"चार बाटल्या रक्त चढवलं मला. नर्स ओरडत होत्या. मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं, पण फार लांबून. आणि थंडी. दात वाजत होते माझे. सिद्राच्या शाळेचे बूट लहान झालेत, हे मी तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच मनात येत होतं." तिने ओढणी सारखी केली. "मला परत तिथे जायचं नाही. निदान आत्ता तरी नाही. कधीच नाही, असंही असेल."

"एवढं वर्षभर बोलली नाहीस?"

"विचारलंत कधी?"

त्याने नजर बंदराच्या क्रेनकडे वळवली. मग म्हणाला, "माझे अब्बा कुवेतला. घरी मी नि अम्मी. ईदला शेजारच्या घरातून पोरांचा गोंधळ ऐकू यायचा, आणि आमच्या ताटाभोवती आम्ही दोघंच. तेव्हाच ठरवलं होतं, माझं घर भरलेलं असेल."

हे तिला नवीन नव्हतं, पण त्याने स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलं नव्हतं.

"मग आता काय, खलास?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मला नाही माहीत. आकडा सांगता येत नाही, एवढं मात्र खरं आहे. खोटं सांगून तुम्हाला वाट बघायला लावणार नाही."

गुरुवारी एमानबाईंना तिने तेच सांगितलं. "आकडा नाही, डॉक्टर."

"चालेल," एमानबाई म्हणाल्या. "मग असं निवडू, जे बरीच वर्षं टिकेल आणि हवं तेव्हा काढता येईल." त्या एकेक मार्ग सांगू लागल्या. दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला कधी कधी वेळ लागतो. तांबी चांगली, पण तांबीमुळे पाळीत रक्तस्राव वाढतो, आणि नबिलाचं हिमोग्लोबिन अजून भरून आलं नव्हतं. उरले दोन उपाय: दंडात कातडीखाली बसवायची काडी, नाहीतर गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं छोटं साधन. या साधनाने रक्तस्राव बहुधा कमी होतो.

नबिलाने मोबाइलमध्ये प्रश्न लिहून आणले होते. बसवताना दुखतं का? थोडं, काहींना जास्त. नंतर मूल हवं झालं तर? काढल्यावर अडचण येत नाही. शेवटचा प्रश्न तिने वर न बघता विचारला. "काढायचं कधी, ते कोण ठरवणार?"

"तू," एमानबाई म्हणाल्या.

उझैर पायाशी ठेवलेल्या पिशवीच्या बंदाची उगाच सोडबांध करत राहिला. मग म्हणाला, "गर्भाशयातलं ते बसवा. हिचं रक्त वाचेल." आणि नबिलाकडे वळून, "म्हणजे, तुला पटत असेल तर."

तिने मान हलवून होकार दिला.

बसवताना दुखलं, तिला वाटलं होतं त्याहून जास्त. दोन दिवस पोटात पिळवटत राहिलं. मग तीन महिने अधूनमधून डाग पडायचे आणि ती वैतागून म्हणायची, काढूनच टाकते हे. उझैरने एकदाही 'काढ' म्हटलं नाही. 'ठेव' असंही म्हटलं नाही. चौथ्या महिन्यात डाग थांबले. ती चमकणारी रेघ या चार महिन्यांत एकदाच आली, आणि तेव्हा नबिला घरी होती.

एका शुक्रवारी जेवणानंतर श्रीवर्धनहून सासूबाईंचा, हव्वाबींचा, व्हिडिओ कॉल आला. मुलांना बघून झालं. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "नबिला, काही खुशखबर?"

नबिला तोंड उघडणार तोच उझैरने फोन स्वतःकडे वळवला. "अम्मी, ते विचारायचं बंद कर आता. आमचं ठरलंय. दोन आहेत, बस्स आहेत सध्या."

"डॉक्टरनं सांगितलं होय?"

"नाही. आम्ही ठरवलं."

मग हव्वाबी म्हणाल्या, "तिला दे फोन." नबिलाने फोन घेतला.

"रक्त वाढलं का गं तुझं?" सासूबाईंनी विचारलं. "खजूर खातेस ना रोज?"

"खाते, अम्मी."

फोन ठेवल्यावर उझैर रय्यानला खांद्यावर घेऊन गॅलरीत गेला. बराच वेळ आत आला नाही. नबिला त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.