कानापाशी थांबणारा हात

नितेश हे वहीत लिहिणारच नव्हता. हात पूर्ण वर जात नाही, एवढीशी गोष्ट. त्यात लिहायचं काय? पण डोक्यातून जाईना.

मुलुंडच्या स्विमिंग पूलमध्ये तो आणि रुचिरा जोडीने पोहायचे. गाण्यावर, एका तालात. पाण्याखाली पाय रवीसारखे घुमायचे आणि वर हात असे निवांत उठायचे, जणू खाली काही चाललेलंच नाही. गेल्या वर्षी रुचिराचा डावा खांदा दुखायला लागला. हात कानाच्या वर जाईना. नितेशने आपलाही हात कानापाशीच थांबवला. जोडी सारखी दिसायला हवी ना! दिसलीही. पण तिचा खांदा बिघडतच गेला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, पोहणं बंद.

आता त्याच्या जोडीला दिशा नावाची मुलगी होती. रविवारी स्पर्धेच्या निवडीची ट्रायल. कोच सुलक्षणा मॅडम पूलच्या शिडीच्या दांड्यावर चमचा आपटून ताल द्यायच्या, पाण्याखालीही ऐकू जाईल असा. दिशाचा हात सरळ आभाळात जायचा. नितेशचा अडकायचा.

"हात काय भाड्याने आणलायस? वर ने!"

"नेतोय ना मॅडम."

"कुठे? तुझ्यामुळे दिशाची वाट लागेल. असंच चाललं तर रविवारी दुसऱ्याला उतरवीन."

त्याला खरंच वाटायचं, हात पूर्ण वर आहे.

शनिवारी रुचिरा आली, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. पाण्यात उतरण्याआधी सगळे काठावर उभ्यानेच हातांचा सराव करतात, तो चालू होता. चमचा वाजला आणि सवयीने समोर रुचिराचेही हात हलले. डावा कानापाशी थांबला. नितेशचाही तिथेच. दिशाचा एकटीचा वर राहिला.

रुचिराला हसू आलं. मग हसता हसता थांबलीच.

"मेल्या, दुखणं माझं. तू कशाला घेऊन फिरतोस?"

"जोडी आहे ना आपली."

"होती रे."

तिने चांगल्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि टाचा उंचावून वर नेलं, पार वर.

"इथपर्यंत. कळलं?"

"उद्या येशील ना बघायला?"

"नाही. मी दिसले की परत थांबशील तू. फक्त शब्द दे."

मनगट अजून तिच्याच हातात होतं. ते सुटू नये असं त्याला फार वाटलं.

"दिला," तो म्हणाला. "उद्या पूर्ण वर नेईन. तुझ्यासाठी थांबणार नाही."