हात लावू नये

मी एक जुनी लाकडी शाळा आहे. दचकू नका मित्रांनो. खऱ्या शाळेत मुली शिकतात, मी तिची टेबलावर मावणारी प्रतिकृती. माझं छप्पर झाकणासारखं निघतं आणि आतल्या खोल्या बोटांनी चाचपता येतात. म्हणजे, येत होत्या. ते आठवलं की माझा अजून तिळपापड होतो.

पन्नासेक वर्षांपूर्वी ही शाळा दोन खोल्यांत सुरू झाली. नऊ मुली होत्या आणि एकीलाही दिसत नव्हतं. त्यांतली एक सुताराची लेक. ती वर्गात जायला निघायची आणि रोज कोठीघरात पोचायची. शेवटी तिच्या वडिलांनी मला घडवलं. दाराच्या जागी खाच, नळाच्या जागी कोटाचं बटण. "आधी हिच्यात फिर, मग तिच्यात," ते लेकीला म्हणाले. आठवड्याभरात ती पोरगी व्हरांड्यातून धावायला लागली.

शाळा वाढली तशी मीही वाढले. वसतिगृह आलं, गाण्याची खोली आली. मजला चढवायची वेळ आली तेव्हा बरेच शहाणे म्हणाले, या मुलींना जिना कशाला, पडतील की! मुली हट्टाला पेटल्या. मजला झाला, आणि सुतारकाकांनी तो माझ्यावरही चढवला, अकरा पायऱ्यांच्या जिन्यासकट. तोवर त्यांची लेक इथेच शिकवू लागली होती. सगळ्या तिला मोठ्या बाई म्हणत. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी बाई तिचे हात माझ्यावर ठेवायच्या. त्या बोटांनी माझे उंबरे गुळगुळीत झाले. मला त्याचा फार अभिमान होता.

मग सुतारकाका गेले, बाई निवृत्त झाल्या आणि शाळेची पन्नाशी आली. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत इतिहासाचं दालन काढलं. मला पॉलिश करून काचेच्या पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि वर पाटी टांगली, 'हात लावू नये'. दृष्टिहीन मुलींच्या शाळेत! कपाळावर हात मारून घ्यावा म्हटलं, तर मला कपाळही नाही आणि हातही नाहीत. त्याच सुट्टीत सभागृह मोठं करायला खऱ्या शाळेचा जिना डावीकडून उजवीकडे नेला. माझ्यातला जिना मात्र होता तिथेच राहिला.

गेल्या आठवड्यात मोठ्या बाई आल्या. बोटाला धरून एक नवी मुलगी होती, कपाळावर टेंगूळ आलेलं. बाईंचा हात काचेवर आपटला.

"बाई, हात लावायचा नाही म्हणे. पाटी लावलीय," शिपाईमामा चाचरत म्हणाले.

"असेल. आम्हाला कुठे दिसतेय? उघडा."

मामांनी मुकाट्याने कुलूप काढलं. किती महिन्यांनी मला बोटं लागली!

"हा व्हरांडा," बाई म्हणाल्या. "आता डावीकडे जिना."

"नाही हो बाई, डावीकडे भिंत आहे. तिच्यावरच तर मी आपटले. जिना उजवीकडे आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर मी कुणालाच चुकीची वाट दाखवली नव्हती.

बाईंनी अध्यक्षसाहेबांना बोलावून घेतलं. "सुतार आणा आणि हिचा जिना हलवा."

"अहो बाई, ही ऐतिहासिक वस्तू! हिला हातोडा कसा लावणार? आणि परवा पाहुणे येतायत बघायला."

"पाहुण्यांना हिच्यात जिना शोधायचाय का?" पोरीने विचारलं.

पेटीला पुन्हा कुलूप लागलं. पाहुणे आले, वा वा म्हणाले आणि गेले.

मित्रांनो, सोमवारी सात नव्या मुली येणार आहेत. त्यांना जिना कोण दाखवणार? मला नको हे पॉलिश. माझा जिना उपटा, उजवीकडे ठोका, मला झिजवा. तुमच्याकडे कामाची जुनी वस्तू असेल तर तिला कामात ठेवूनच जपा, एवढंच मागणं आहे.

काचेच्या आत, माझ्या पॉलिशवर, त्या पोरीच्या बोटांचे ठसे उमटलेत, बरोबर चुकीच्या जिन्यापाशी. ते पुसून टाकायला अध्यक्षसाहेबांनी मामांना सांगितलंय. मामा रोज फडकं घेऊन येतात, पेटी बाहेरून पुसतात आणि जातात.