दुपारच्या खेळातला कौल

कापराची वडी पदराच्या गाठीत बांधून ठेवली तरी झिजतेच... पेच्चीने अंधारात गाठ सोडून चाचपलं, तर मॅनेजरने सकाळी दिलेली चांगली चौकोनी वडी आता हरभऱ्याच्या डाळीएवढी राहिली होती, कडा गेलेली, गुळगुळीत — आणि तिने ती घाईघाईने पुन्हा बांधून टाकली, कारण पडद्यावर नायिकेचा नवरा अजून दारूच पीत होता, सासू अजून डागण्याच देत होती, आणि देवीआई अजून देवळात दगड होऊन बसली होती. आई शेवटच्या रिळात उठते. तोवर पिवळी साडी नेसून, कडुलिंबाची डहाळी मांडीवर घेऊन बायकांच्या बाकड्याच्या टोकाला गप्प बसायचं, आणि डमरू घुमला की उठायचं. आडी महिना, आईच्या जत्रांचा महिना, लागल्यापासून सात्तूरच्या या टॉकीजमध्ये रोज दुपारी हेच चाललं होतं. सकाळी बाकड्यांखालची शेंगांची फोलपटं झाडायची ती पेच्ची, आणि दुपारी जिच्या पाया पडायला बाया रेटारेटी करतात तीही पेच्चीच.

आज शेवटचा दिवस. उद्या सिनेमा बदलणार, रिळांचे डबे पुढच्या गावाला जाणार. म्हणजे आई बोलणार असेल तर आजच बोलायला हवी.

दोन रांगा पुढे आत्याचं डोकं दिसत होतं — सासूला ती आत्याच म्हणे — पांढऱ्या अंबाड्यात कडुलिंबाचा तुरा खोचलेला. म्हातारी मघापासून हात जोडूनच बसली होती, पडद्यावरच्या दारूड्यालासुद्धा हात जोडून. आणि घरी तिची पोर पूंगोडी, शेजारणीच्या भरवशावर, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेली, अंगभर फोड... कांजिण्या. पण तो शब्द उच्चारायचा नाही. घरात आई आली आहे असं म्हणायचं, फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, आणि सुई तर नाहीच नाही, कारण ती पोरीला टोचत नाही, आईला टोचते. हे पेच्चीलाही मान्य होतं, तिच्या स्वतःच्या अंगावर लहानपणी आई आली होती आणि आंबील पिऊन सुखाने गेलीही होती. पण पूंगोडीचा श्वास — कालपासून तो वरच्या वर चालला होता, बरगड्यांखाली खळगा पडायचा, भरायचा, परत पडायचा, आणि ओठांवर ती निळी झाक... सरकारी दवाखान्यातल्या फिलोमिना सिस्टर सकाळी गल्लीतून जाताना थबकल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "अगं, हिच्या छातीत उतरलंय. आजच्या आज घेऊन ये. उद्यावर टाकलंस तर मग माझ्याकडे येऊन रडू नकोस."

तर आत्या सरळ दारात आडवी झाली. "माझ्या मढ्यावरून ने! आईनं स्वतः सांगितलंय, माझ्या लेकराला सुई लावू नका म्हणून. या कानांनी ऐकलंय मी. तिथं टॉकीजमध्ये, तुझ्याच तोंडून!"

माझ्याच तोंडून.

तिला आठवलं, पहिल्या आठवड्यात टॉकीज रिकामी होती, पंखे तेवढे गरगरत होते. मॅनेजर सुंदरलिंगम अण्णा पान थुंकून म्हणाले होते, "पलीकडच्या गावात बायांच्या अंगात येतंय, पोलीस बोलवावे लागतायत गर्दीला. आणि आपल्याकडे? आपल्याकडे ढेकणांच्यासुद्धा अंगात येत नाही!" मग झाडू घेऊन उभ्या असलेल्या तिच्याकडे त्यांची नजर गेली. "पेच्ची, तू घुमशील? पदर पडू देऊ नकोस म्हणजे झालं, बाकी तुझं तू बघ." ती घुमली. आधी पायाचा अंगठा हलवायचा, मग गुडघा, मग खांदे, केस सगळ्यात शेवटी — जत्रेत पाहिलेलं होतं, अवघड ते काय. चार दिवसांत टॉकीजच्या दाराला कडुलिंबाची तोरणं लागली, बाया चपला बाहेर काढून आत यायला लागल्या, सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्याला हळद-कुंकू वाहायला लागल्या. आणि एके दिवशी एकीने फोडांनी भरलेलं तान्हं पोर तिच्या पायांवर आणून ठेवलं. "आई, हिला सोडून कधी जाशील गं?"

आता काय बोलणार? तिला काही येत होतं थोडंच. सिनेमात एक डॉक्टर आहे, आईला हसणारा, मध्यंतराला आंधळा होणारा — तो आंधळा झाला की पोरं शिट्ट्या मारतात — त्याला आई जे म्हणते तेच ती म्हणाली. माझ्या लेकराला सुई लावू नका, ते माझ्या ओटीत आहे. बाया हुंदके देऊन रडल्या. त्या तान्ह्याचं पुढे काय झालं ते तिने विचारलं नाही... ती बाई परत कधी टॉकीजला आली नाही, हे मात्र आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं.

पण खोटं का सांगू, मला आवडलं होतं. नवरा तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून मी पांढऱ्या पायाची, माझ्या पानात खरपुडीचा भात, बोलणी तर उठताबसता. आणि आता तीच म्हातारी शुक्रवारी माझे पाय धुऊन ते पाणी डोळ्यांना लावते, आधी मला वाढते, 'आई, अजून घे की' म्हणते. कोण सोडेल हे? कुणीच सोडणार नाही.

तरी आज सकाळी तिने सोडलं. आत्याच्या पुढ्यात बसून तिने सगळं सांगून टाकलं — सोंग होतं ते आत्या, अण्णा पैसे देतात मला त्याचे, आई नाही, कुणी नाही, मीच बडबडत होते, आता पोरीला उचलू द्या. म्हातारी टक लावून बघत राहिली. मग तिने आपल्याच दोन्ही गालांत फाडफाड मारून घेतलं.

"परीक्षा बघतेस होय गं माझी, आई? घे, घे परीक्षा. मी नाही डगमगायची!"

पेच्चीने पोरीला पाल्यासकट उचललंही होतं, पण तोवर अख्खी गल्ली दारात जमली. आई घरात असताना तिला उन्हात काढतेस? पोर जाईल ती जाईल, गल्लीला शाप लागेल. कुणीतरी पूंगोडीला तिच्या हातातून घेतलं, हळूच घेतलं, मायेनेच, आणि परत निजवलं. तेव्हा आत्या म्हणाली, "चल, टॉकीजात जाऊ. तिथं तिलाच विचारते. ती 'ने' म्हणाली तर मी स्वतः पाठीवर घालून नेते पोरीला, मग तर झालं?"

झालं. एवढंच तर करायचं होतं. रोजचं सोंग करायचं, आणि त्यात एक वाक्य बोलायचं.

पण वाक्य जमेना. दवाखान्यात न्या — छे, आईच्या तोंडी दवाखाना कसा शोभेल? मध्यंतर झालं, चकलीसारखे मुरुक्कू विकणारा ओरडत फिरून गेला, परत अंधार झाला, आणि पेच्ची वाक्यच जुळवत बसली. आजवर कुठल्या सिनेमात आईने कुणाला दवाखान्यात धाडलंय? पडद्यावरची आई त्रिशूळ फेकते, वादळ आणते, सापाच्या रूपाने येते, मेलेल्या लेकराच्या कपाळाला अंगारा लावून त्याला उठवते. रांगेत उभी राहून केसपेपर काढा असं ती म्हणत नाही. म्हटलं की म्हातारी ओळखेल, ही सून बोलतेय म्हणून. बोलायचं ते आईसारखं बोलायला हवं... आणि मग सुचलं. पांढऱ्या कपड्यांत माझी एक लेक बसली आहे, मला तिच्या हाती द्या. हां. हे बरोबर. पांढऱ्या कपड्यांत माझी एक लेक... ती घोकत राहिली, बाजाराला निघालेल्या पोरीने सामानाची नावं घोकावीत तशी, आणि मध्येच मनात यायचं, आता खळगा किती खोल पडत असेल.

डमरू घुमला.

अंगठा. गुडघा. आजूबाजूच्या बाया लगेच सरकल्या, कुणीतरी "आई आली, आई आली" म्हणून ओरडलं, आणि रोजच्यासारखी ती मधल्या वाटेत गेली, खांदे हलवत, पदर सांभाळत, वाक्य जिभेवर धरून. आत्या पुढे आलीच होती, जमिनीवर डोकं टेकून विचारत होती, "आई, माझ्या नातीचं काय करू? सांग, तू सांगशील ते करीन." आता बोलायचं. कापूर पेटवून जिभेवर ठेवायचा, जीभ आधी ओली करून घ्यायची, मग बोलायचं... तिने वर पाहिलं. पडदाभर आईचे डोळे उघडत होते, रोज उघडतात तसेच, काजळ घातलेले, नटीचे. पण त्यांच्यात पूंगोडी दिसली, अर्धवट मिटलेल्या पापण्यांची, बुबुळं वर गेलेली, आणि पेच्चीच्या मनातून सगळं घोकलेलं गळून पडलं आणि एकच उरलं — आई गं, तू असलीस तर... असलीस तर...

पंखा. वर पंखा गरगरत होता. दिवे लागलेले होते. आपण जमिनीवर पडलो आहोत आणि तोंडावर कुणीतरी हळदीचं पाणी मारलंय एवढं तिला कळलं, आणि पडदा पांढरा झाला होता. जीभ भाजली होती. इतक्या दिवसांत कधी भाजली नव्हती. ज्या जागी वाक्य धरून ठेवलं होतं तिथे नुसता टरारलेला फोड होता.

मी बोलले का? काय बोलले?

तिने मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं. डमरू होता, डोळे होते, त्याच्या पुढे काहीच नव्हतं. झोपेतसुद्धा काहीतरी उरतं, इथे तेवढंही उरलं नव्हतं. "आत्या कुठाय?" तिने विचारलं.

"गेली की," एक बाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "तुझं बोलणं ऐकलं आणि पदर खोचून धावतच सुटली घराकडं."

"काय बोलले मी?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यातली एक म्हातारी पुढे झाली आणि तिने पेच्चीच्या पायांवर डोकं ठेवलं. "तूच बोललीस आणि आम्हालाच विचारतेस? ते तुझं वाक्य आम्ही आमच्या उष्ट्या तोंडानं कसं बोलावं, आई?"

सुंदरलिंगम अण्णा दारात उभे होते, पान खायचं विसरून. ती धडपडत त्यांच्याकडे गेली. "अण्णा, तुम्ही तरी सांगा."

"मला काय ऐकू येणार त्या शिट्ट्यांत?" ते जरा मागे सरकले, याआधी ते कधी तिच्यापासून मागे सरकले नव्हते. "आवाज तुझा नव्हता, एवढं मात्र खरं. पेच्ची... तू उद्यापासून झाडायला येऊ नकोस हं. मी दुसरं कुणी बघतो. तुझ्या हातात झाडू द्यायचा म्हणजे..." आणि त्यांनी हात जोडले.

बाहेर ऊन होतं. ती धावत सुटली. आत्या घराकडे गेली — पण दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी आधी घरीच जायला हवं, आणि न्यायचं नाही म्हटलं तरी घरीच. धावतच गेली याचाही काही अर्थ लागेना; म्हातारी आनंदानेही धावते आणि भीतीनेही. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला विचारावं, म्हातारी पाठीवर पोर घेऊन इकडून गेली का... विचारलं की कळेल. ती त्याच्यासमोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि जिभेच्या फोडाला वारा लागला तशी मिटून घेतलं.

आजवर तिला एकच धाकधूक होती, की वर कुणीच नाही, आपण पोकळ घागर बडवतोय. त्या भीतीची तिला सवय झाली होती. पण कुणी असेल तर? खरोखरच कुणी माझ्या तोंडात येऊन बसलं असेल, मला बाजूला सारून, माझं वाक्य ढकलून देऊन — तर ते काय म्हणालं असेल? सिनेमातली आई ती सिनेमातली, तिचं बोलणं लिहिणारा कुणी असतो, तिला लेकरं परत द्यावीच लागतात. खरीला कोण लिहून देणार? खरीने आजवर किती पोरं ओटीत घेतली आणि परत दिली नाहीत, या एका गल्लीतली मोजायची म्हटली तरी...

सायकलवाला तिची पिवळी साडी, मोकळे केस बघून उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले. तिनेही जोडले. त्याला वाटलं ती आशीर्वाद देतेय. पुढे गल्लीचं वळण होतं, तिथून घराचं दार दिसतं. पेच्ची वळणाच्या अलीकडे भिंतीला धरून उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने खरंखुरं मागणं मागितलं, ओठ न हलवता, कळवळून — आई, बोलली ती तू नसावीस. माझ्या तोंडून माझं घोकलेलं खोटंच निघालेलं असू दे.