टाळूतली टाकी

कोरड्या तोंडात कवळी बसवणं म्हणजे गोंदाशिवाय पाकीट चिकटवणं. लाळच नाही, तर ती धरणार कशाच्या जोरावर? म्हणून मी टाळूच्या भागात छोटी पोकळ टाकी ठेवते. तीत कृत्रिम लाळ भरायची. सुईच्या टोकाएवढ्या दोन भोकांतून ती दिवसभर झिरपते. अख्ख्या शहरात हे काम मी एकटीच करते. त्यामुळे थोरले भावोजी कधीतरी माझ्याच दारात येणार, हे मला ठाऊक होतं. बारा वर्षं लागली, एवढंच.

गोळ्यांनी त्यांचं तोंड सुकलं होतं. तीन कवळ्या डब्यात पडून होत्या. सोबत थोरल्या जाऊबाई.

सासूबाई गेल्या त्या सकाळी इंजेक्शन द्यायची पाळी भावोजींची. मी कामावरून आले तेव्हा सुई वेष्टनातच होती आणि भावोजी घोरत होते. लोकांना मात्र म्हणाले, "धाकटीने दिलंच नाही." नवरा आधीच गेलेला, माझ्या बाजूने बोलणार कोण? जाऊबाईंनी माझी बॅग स्वतः दाराबाहेर ठेवली.

मेणात दात लावून झाले की पेशंटकडून एक वाक्य मोठ्याने वाचून घ्यावं लागतं. ‘स’ला शिट्टी वाजली की दात सरकवायचे. रोजचं वाक्य भिंतीवर आहे. भावोजींसाठी मी नवं लिहिलं.

त्यांनी कागद पाहिला. "हे काय?"

"चाचणी. न वाचता गेलात तर चौथी कवळीही डब्यात."

"भिंतीवरचं वाचतो ना!"

"ते सगळ्यांना पाठ झालंय, भावोजी."

"अहो, वाचा की पटकन," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी अजून किती दिवस सगळं भिजवून वाढू?"

भावोजींची जीभ टाळूला चिकटली होती. मी पाण्याचे दोन थेंब सोडले. ते पुटपुटले, "त्या सकाळी आईचं इंजेक्शन मी चुकवलं आणि दोष सुनेवर सरकवला."

जाऊबाईंचा हात पर्सवरच थांबला. "हे खरंय?"

"चाचणी आहे गं नुसती..."

"मग घाम कसला पुसताय?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांची नजर माझ्यासमोर खाली गेली. मग खुर्ची ओढून भावोजींच्या अगदी समोर बसल्या.

"नीट ऐकू नाही आलं. पुन्हा वाचायला लाव यांना."

मी सात वेळा वाचून घेतलं. ‘स’ तिसऱ्या वेळीच स्वच्छ आला होता.