सिमेंटवरचं नाव

लामेक छिन्नीने अक्षरं खरवडत होता आणि त्याची थोरली बहीण नासाकाला थडग्याशेजारी पाय पसरून, मांडीवर पाण्याचं भांडं धरून बसली होती. पंचवीस वर्षांपूर्वीचं सिमेंट, काही केल्या सुटेना. एकेका घावाला चिमूटभर भुकटी उडायची, आणि भुकटी उडाली की नासाकाला त्यावर थोडं पाणी शिंपडायची.

"आक्का, तू घरी जा," लामेक म्हणाला. "हे बघत बसू नये."

"पुरताना बघितलं. हेही बघते."

लामेक गावाचा मुखिया. आदल्या दिवशी राजधानीहून, लुसाकाहून, पक्षाची चार माणसं येऊन त्याच्याशी तासभर कुजबुजून गेली होती. उद्या कोर्टाची माणसं येणार, त्याच्या आत थडग्यावरचं नाव बदलायचं. गावाने तर आपापल्या तोंडाला आधीच कुलूप घातलं होतं. नासाकालाला विचारलं सगळ्यात शेवटी, आणि ती बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

थडगं तिच्या पोटच्या पोरीचं, तमांडानीचं. सातव्या वर्षी गोवराने गेली. त्याच महिन्यात धाकट्या बहिणीची लेक, तिच्याच वयाची तियांजाने, सरहद्दीपलीकडून, मलावीतून आली. जन्म तिकडचा, बाप तिकडचा. आई बाळंतपणात गेलेली आणि बापाने वर्षाच्या आत दुसरा घरोबा केलेला. बहिणीची लेक ती आपलीच लेक, यात या लोकांना सांगण्यासारखं काही वाटत नाही. आणि गेलेल्याचं नाव रिकामं ठेवायचं नाही, घरातल्या कुणाला तरी त्या नावात बसवायचं, हीही पूर्वापार रीत. वडीलधाऱ्यांनी तियांजानेच्या मनगटाला पांढरे मणी बांधले आणि सांगितलं, आजपासून तू तमांडानी. नावामागोमाग तमांडानीचे दोन झगे तिला मिळाले, चटई मिळाली, आणि शाळेत दाखवायला मिशनच्या दवाखान्याचा जन्माचा कागदही मिळाला. लबाडी करतोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. झगे दिले, तसा कागद दिला.

पोर हुशार निघाली. शिकली, वकील झाली. पहिल्या पगारात सिमेंटची पिशवी घेऊन ती गावी आली, थडगं स्वतःच्या हाताने बांधलं आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने नाव लिहिलं, तमांडानी, खाली जन्माचं साल आणि मरणाचं. "जिच्या नावावर जेवते तिला घर नको?" म्हणाली. त्या दिवशी दोघी मायलेकी पोटभर रडल्या होत्या. तेव्हापासून दरवर्षी पेरणीच्या आधी नासाकाला यायची, थडगं झाडायची आणि जाताना एकदा मोठ्याने हाक मारायची, तमांडानी गं! एवढंच. पण तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

आता ती पोर देशाची अध्यक्ष म्हणून निवडून आली होती. शपथ व्हायची होती, तेवढ्यात हरलेल्यांनी कोर्टात अर्ज टाकला. ही बाई परदेशी आहे, खरी तमांडानी गावात मातीखाली आहे, कायद्याने हिला खुर्चीवर बसता येत नाही. रेडिओवर तेच, बसमध्ये तेच. चिपाताच्या बाजारात एका भाजीवालीने नासाकालाला हसत हसत विचारलं होतं, आजी, मत आम्ही बाईला दिलं की भुताला? नासाकालाने टोमॅटो तिथेच ठेवले आणि घरी आली.

संध्याकाळपर्यंत सिमेंटवर नवा थर बसला. लामेकने खिळा घेतला आणि त्यावर तियांजाने असं नाव लिहिलं. अक्षर त्याचं वाईट, ओळ एका बाजूला उतरली. थर जुना दिसावा म्हणून वर राख आणि माती चोळली.

दुसऱ्या दिवशी आंब्याच्या झाडाखाली कोर्टाची तीन माणसं खुर्च्यांवर बसली. समोर चटईवर नासाकाला, भोवती सगळं गाव. हरलेल्यांचा वकील तरुण होता, शिकलेला, अदबीने बोलणारा. त्याने आधी गुडघा टेकून टाळी वाजवून नमस्कार केला. चिडका असता तर तिला सोपं गेलं असतं.

"आजी, ते थडगं कुणाचं?"

"तियांजानेचं. माझ्या बहिणीच्या लेकीचं. पलीकडून आली, गोवराने गेली."

"आणि तुमची स्वतःची मुलगी?"

"ती लुसाकाला आहे. साऱ्या देशाला माहीत आहे."

लोक हसले. वकीलही थोडा हसला. मग त्याने कागदावरून नजर उचलली.

"तिला लहानपणी गोवर झाला नव्हता? एवढी साथ होती म्हणतात."

नासाकालाने नेसूच्या चितेंग्याचं टोक बोटाला गुंडाळलं. नऊ दिवस तिने त्या पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. अंग तव्यासारखं तापायचं, डोळे चिकटायचे. दहाव्या दिवशी पाणी मागितलं आणि ते येईपर्यंत गेली.

"नाही," ती म्हणाली. "दणकट पोर. तिला साधा तापसुद्धा कधी आला नाही."

लेखनिकाने ते लिहून घेतलं. तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला.

आठवड्याने निकाल लागला, अर्ज फेटाळला. शपथेच्या दिवशी मुखियाच्या अंगणात रेडिओ लावला होता. बायकांनी मोठ्या हांड्यांत मक्याच्या पिठाचा न्सिमा रांधला होता, दोन बोकड कापले होते. रेडिओतून त्या पोरीचा आवाज आला, मी, तमांडानी, आणि अंगण एकदम किलकाऱ्यांनी भरून गेलं. पुढचं काही कुणाला ऐकू आलं नाही. नासाकालाला लोकांनी खुर्चीसकट उचललं, अध्यक्षांची आई म्हणून नाचवलं. तिने हसून घेतलं. पेरणी तोंडावर आली होती आणि ती अजून थडग्याकडे फिरकली नव्हती. जाऊन काय हाक मारणार? अंगठा दिलेल्या कागदावर तिची पोर मेलेलीच नव्हती.

दुपारी लामेक धावत फोन घेऊन आला. ती तो घेऊन कणगीच्या मागे गेली.

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं. नाव स्पष्ट घेतलंस."

"तुझे उपकार आहेत गं. आता सांग, काय पाठवू? पक्कं घर बांधायला माणसं येतील, वीज येईल..."

"काही नको. एकदा ओ दे फक्त."

"म्हणजे?"

"मी तुला तुझ्या पहिल्या नावाने हाक मारते. तू ओ दे. तेवढ्या वेळेपुरतं माझ्या पोरीचं नाव मोकळं होईल. मग जाऊन तिला एकदा हाक मारून येते. पुन्हा नाही मागणार."

पलीकडे कुणीतरी दार उघडलं, बूट वाजले, दार लागलं. मग आवाज आला तो अगदी बारीक, सरहद्द ओलांडून आली त्या दिवशी होता तसा.

"आई, हा फोन आता चार माणसं ऐकतात गं."

पायाशी कोंबडी दाणे टिपत होती, तिला नासाकालाने हलकेच बाजूला सारलं.

"हो गं बाई," ती म्हणाली. "विसरलेच मी. जेवलीस?"

"अजून नाही."

"जेव आधी," ती म्हणाली, आणि फोन चितेंग्याला पुसून लामेकला परत द्यायला निघाली.