बाकात न मावलेले

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईंनी पीएच.डी.चा फॉर्म भरला, तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे आता मी तुला अहो-जाहो करायचं?"

"आजपासून सवय करा," बाई म्हणाल्या.

बारा वर्षं त्या प्रौढांचे संध्याकाळचे वर्ग घेत होत्या. शाळा सुटली की मुलांच्याच खोलीत हा वर्ग भरायचा. सुरुवातीला तीस जण यायचे, तीन महिन्यांत बारा उरायचे. बाकीचे का गळतात, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. मार्गदर्शक मॅडम त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण भारी कडक. चार वर्षं बाई दारोदार फिरल्या, दोनशे बारा जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. दहातल्या सात जणांनी 'वेळ मिळत नाही' यावर खूण केली होती. बाईंनी त्याचा सुंदर रंगीत तक्ता काढला.

तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली होती. हौसेने बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांनाही बोलावलं. तिघे आले. त्यांतला वेल्डर शेवटच्या रांगेत बसला. शर्टाच्या बाह्यांना ठिणग्यांची भोकं. दुसऱ्याच महिन्यात त्याने वर्ग सोडला होता.

"कुणाला काही विचारायचंय?" परीक्षकांनी रीत म्हणून विचारलं.

वेल्डरने हात वर केला. "बाई, मीही 'वेळ मिळत नाही' यावरच खूण केली होती. पण ती थाप होती."

"मग खरं काय?" बाईंनी विचारलं.

"बाकं हो! तिसरीतल्या पोरांची बाकं. एकदा माझे गुडघे अडकले, दोघांनी ओढून काढलं. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून आलो नाही. आता हे तुम्हाला कोण सांगणार? आणि तुमच्या कागदावर बाकाचा रकानाच नव्हता."

बाईंचे कान तापले. मॅडम छताकडे बघू लागल्या. 'हा अपवाद आहे' हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. पण बारा वर्षं आपण उभ्यानेच शिकवलं, त्या बाकावर एकदाही टेकलो नाही, हे त्यांना आठवलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी विचारलंच नाही."

परीक्षकांनी सहा महिने दिले आणि आणखी एक, सहावं प्रकरण लिहायला सांगितलं.

दुसऱ्याच संध्याकाळी बाई मॅडमना घेऊन शाळेत गेल्या आणि बाकात शिरल्या. निघता येईना. मॅडमनी दोन्ही हात धरून ओढलं. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून मॅडमचा कडकपणा निम्मा झाला.

मग बाई प्रश्नावली घरी ठेवून चाळीस जणांकडे नुसत्या गप्पा मारायला गेल्या. एका स्वयंपाकीणबाईंना फळा दिसत नव्हता, पण चष्मा लावायची लाज वाटायची. एका गृहस्थांचा जावईच पुढच्या बाकावर बसायचा, आणि मेल्याला सगळी उत्तरं यायची!

हे सहावं प्रकरणच सगळ्यांत जाड झालं. पदवी मिळाली. वर्ग वाचनालयात हलला, तिथे मोठ्या माणसांच्या लोखंडी खुर्च्या होत्या.

पहिल्याच दिवशी वेल्डर आला. खुर्ची उलटी करून त्याने तिचे पाय हलवून पाहिले.

"जोड कच्चा आहे, बाई. उद्या येऊन पक्का करतो," असं म्हणून खुर्ची सरळ करून तो ऐसपैस बसला आणि त्याने वही उघडली.