गावाचं नाव घाला

मी तोंडाचा फटकळ, हे आमच्या लेखनमंडळात सगळ्यांना माहीत. खिदिरपूरच्या कस्टम्समध्ये वीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडून पाहिल्या, त्यामुळे मोघम काही मला खपत नाही. महिन्यातून एका रविवारी दुपारी भवानीपूरला श्रीधरच्या घरी आम्ही सात-आठ मराठी माणसं जमायचो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी चिरफाड करायची. पसंत पडेल ते मी एका जाड वहीत उतरवायचो, कारण माझं अक्षर चांगलं. मग ती वही घरोघरी फिरायची. कलकत्त्यात मराठी छापायला कोण बसलंय!

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात प्रेमलताबाईंनी कथा वाचली. बाई शाळेत शिकवायच्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलता एक चारुदत्त कॉलेज सोडून नक्षलवाद्यांत गेला होता आणि चार महिने फरारी होता. हे आम्हाला ठाऊक होतं. सापडला तर जिवंत परत येईल याची खात्री तेव्हा कोणी देत नव्हतं, हेही ठाऊक होतं. कथेतली आई लपलेल्या मुलाला डबा नेऊन देते. कुठल्याशा गावी, कुठल्याशा घरी.

"छान आहे," सगळे म्हणाले. म्हणणारच! बाईंची कीव येत होती ना. मला तसली कीव जमत नाही.

"बाई, हे सगळं हवेत आहे," मी म्हणालो. "आई जाते कशानं? घर कसलं? गावाचं नाव घाला, म्हणजे माणसं खरी वाटतील."

बाईंचा चेहरा उतरला. श्रीधरनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, काय घालायला सांगताय त्यांना?"

"तू भित्राच! इथं मराठी कळतंय कोणाला? ट्राममध्ये आपण शेजारच्या माणसाच्या टकलाची त्याच्यासमोर चेष्टा करतो, आणि तो सरकून जागा देतो."

सगळे हसले. बाईही हसल्या, कितीतरी दिवसांनी.

पुढच्या महिन्यात त्यांनी कथा नव्यानं लिहून आणली. आई सियालदाहून लोकलनं बजबजला उतरते. ज्यूट मिलच्या मागच्या भिंतीशी शिंप्याचं दुकान, त्यावर हिरव्या खिडकीची खोली. जिना इतका अरुंद की डबा आधी वर सरकवावा लागतो. मुलगा भिंतीला पाठ लावून जेवतो आणि म्हणतो, 'आई, आज सावकाश जेवू दे गं.' श्रीधरची बायको, पुष्पावहिनी, पदरानं डोळे पुसत होत्या.

"आता झाली कथा!" मी म्हणालो. बाई चक्क लाजल्या. कौतुकाला आम्ही सगळेच हपापलेले, त्याही होत्या. ती खोली खरी आहे हे मला कळलं होतं, देवाशपथ कळलं होतं. तरी मी एक दिवसाची रजा टाकून ती कथा वहीत उतरवली. एक खाडाखोड केली नाही.

तीन आठवड्यांनी श्रीधरच्या गल्लीत पोलिसांनी घरोघर झडती घेतली. त्या दिवसांत घेतच असत. श्रीधरकडे सापडण्यासारखं काही नव्हतं, कपाटात वही होती. साहेब बंगाली, त्यानं ती बाजूला टाकली. बरोबरचा शिपाई बिहारचा. त्यानं ती उचलली आणि अक्षरांवर बोट फिरवत वाचायला लागला. त्याला मराठी येत नव्हतं, लिपी येत होती! बजबज, मिल, खिडकी, पोलीस एवढं कळायला मराठी कशाला हवं? हिंदी वाचणाऱ्या लाखो माणसांच्या शहरात आम्ही शहाणे वीस वर्षं राहिलो, आणि कोणाच्या डोक्यात हे आलं नाही. आग लागो आमच्या शहाणपणाला.

श्रीधर धापा टाकत माझ्या ऑफिसात आला. आम्ही टॅक्सीनं बजबजला पोचलो तेव्हा शिंपी बादलीनं जिना धूत होता. जिना खरंच अरुंद होता. "निये गेछे," तो खालमानेनं म्हणाला. नेलं त्याला. जिवंत की कसा, ते विचारायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना पोरगा ओळखायला बोलावलं.

तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी बाई मंडळात आल्या. कोणी काही वाचलं नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"दिगंबरराव, वही पोलिसांनी नेली. माझे कच्चे कागद तुमच्याकडे असतील ना?"

"बाई, आता कशाला ते?"

"त्यात तो जेवतोय," बाई म्हणाल्या. "तेवढंच राहिलंय माझ्याकडे."

त्या दुपारी बजबजला निघण्याआधी मी टॅक्सी माझ्या घरी वळवली होती. ते कागद शेगडीत घातले, राख विझेपर्यंत उभा राहिलो, माझ्यावर बालंट येऊ नये म्हणून. अर्धा तास गेला होता त्यात.

"द्या ना," बाई म्हणाल्या. हात पुढे करून त्या तशाच उभ्या होत्या.